थोरल्या बाईंचं मावंदं

सोलापूर ते पुणे हा काही प्रवास नव्हे, हे मलाही कळतं. आमच्या महिला मंडळात काश्मीर, केरळ, एक तर थेट दुबई करून आलेल्या बायका आहेत आणि प्रत्येकीनं मंडळाच्या अंकात त्यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. मी पुण्याच्या सहा दिवसांवर लिहिते म्हटल्यावर आमच्या संपादकबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, पुण्याला तर रोज माणसं जातात." जातात की. पण सख्ख्या बहिणीचा फोटो मांडीवर घेऊन, तिचा सत्कार आहे अशा समजुतीत कुणी गेलं नसेल.

बहीण म्हणजे कुंदा, माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी. तुम्ही तिला कुंदा म्हणून ओळखत नाही. तुम्ही तिला थोरल्या बाई म्हणून ओळखता आणि रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून तिला शिव्या घालता. सुनेची औषधं लपवणारी, घरातल्या सगळ्यांचे फोन हिसकावून घेणारी ती सासू म्हणजे आमची कुंदा. मालिकेचं नाव सांगत नाही, कारण त्या लोकांकडे वकील असतात असं ऐकलंय.

तर एके दुपारी मला मुग्धाचा फोन आला. मुग्धा ही मालिकेच्या निर्मितीकडची बाई, पस्तिशीची, बोलायला गोड, आणि तिचं प्रत्येक काम छोटंसं असतं. "मावशी, एक छोटंसं काम होतं. कुंदाताईंचा साडीतला, छान हसरा फोटो आहे का तुमच्याकडे? आमच्याकडे सगळे थोरल्या बाईंचे आहेत, त्यात त्या हसतच नाहीत. आणि प्लीज, ताईंना सांगू नका हं." खरंच होतं ते. पाच वर्षांत थोरल्या बाई एकदाही हसलेल्या नाहीत. मी लगेच ताडलं की मालिकेला पाच वर्षं होतायत, हिचा सत्कार ठरलाय, मोठा फोटो लावणार आहेत आणि हिला आयत्या वेळी चकित करणार आहेत. यातलं एक अक्षर मुग्धा बोलली नव्हती. पण छत्तीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे गाळलेल्या जागा मी न विचारता भरते.

माझ्या मुलाच्या लग्नातला एक फोटो होता. मोत्याच्या कुड्या, ओठ मिटून हसणारी कुंदा. तो मी मोठा करून घेतला, चांगल्या लाकडी चौकटीत बसवला, वर काच लावली, चादरीत गुंडाळला आणि निघाले.

स्वारगेट, मंगळवार

एसटीत फोटो वरच्या फळीवर ठेवायचा जीव होईना, म्हणून मांडीवर घेतला. चादरीचं एक टोक सरकून कुंदाचं अर्धं तोंड बाहेर आलं होतं. कंडक्टर तिकिटासाठी आला, त्यानं ते पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणून विचारलं, "मावशी, कोण गेलं?"

"कोण जाणार? बहीण आहे माझी. चांगली जिवंत आहे."

तो वाकला आणि निरखून बघायला लागला. "अरे, या तर थोरल्या बाई. मग काय झालं म्हणायचं? परवा तर काशीला गेल्या होत्या."

"तिकीट द्या," मी म्हणाले. पुढचे पाच तास मी त्याच्याकडे बघितलं नाही. माणसाला काही पोच असावी की नाही, हाच विचार करता करता स्वारगेट आलं.

स्वारगेटला रिक्षा केली. आमच्याकडे रिक्षावाला तुम्ही कुणाकडे चाललात, तिथं काय कार्य आहे, पाहुणे किती दिवस राहणार हे सगळं विचारून घेतो. पुण्यातल्यानं एकच विचारलं, "सदाशिव पेठ? मग चालत का नाही जात?" मी फोटो दाखवला. तो म्हणाला, "बसा. काच आहे म्हणून नेतोय."

कुंदाचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना असा की मधल्या वळणावर माणसानं आयुष्याचा फेरविचार करावा. तिनं दार उघडलं आणि मला जरा धक्काच बसला. केस विंचरलेले नाहीत, गाऊनवर जुना स्वेटर, आणि दुपारच्या तीन वाजता खिडकीचे पडदे ओढलेले. "चादर आणलीय तुला, जाताना देईन," असं काहीतरी बोलून मी फोटो कपाटामागं सरकवला.

चहा झाल्यावर तिनं सांगितलं. गेले तीन आठवडे ती घरी बसून होती. कथेत थोरल्या बाई काशीयात्रेला गेल्या आणि त्यानंतर चित्रीकरणाला बोलावणं नाही. विचारलं तर "कळवतो, ताई".

"मालिकेत बाईला घराबाहेर काढायचं असलं की तीन ठिकाणं असतात, ताई," ती म्हणाली. "माहेर, परदेश आणि काशी. माहेरी गेलेली परत येते. परदेशी गेलेलीही येते, पण तोवर तिची नटी बदललेली असते. काशीला गेलेलीचं काही सांगता येत नाही."

"अगं, तीर्थयात्रा चांगली की."

"अठ्ठावन्न पूर्ण झाली मला. नायिकेची मैत्रीण झाले, मग वहिनी झाले. पस्तिसाव्या वर्षी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या नटाची आई झाले. आता सासू आहे. सासूनंतर काय असतं माहितीय? भिंत." तिनं समोरच्या भिंतीकडे हात केला. मला वाटलं एकटेपणाबद्दल बोलतेय. "मारायचं असेल तर मारा म्हणावं, माझी ना नाही. पण मला समोर मरू द्या. एक सीन द्या, असं मरून दाखवते की लोक जेवायचे थांबतील. नुसतं 'गेल्या' म्हणून सांगू नका. तीस वर्षं या कामात काढली, एवढं तरी मागू नये का?"

इथं मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण बहिणीचा चेहरा बघवेना. मी तिचा हात थोपटला आणि म्हटलं, "कुंदे, उगाच काळजी करू नकोस. चांगलंच होणार आहे. मला आतली खबर आहे."

तिनं चटकन मान वर केली. "कुणाचा फोन आला होता?"

मी ओठ शिवल्याची खूण केली आणि हसले. तिनं उठून पडदे उघडले. ते उघडलेले पडदे आठवले की मला अजून स्वतःची लाज वाटते.

सदाशिव पेठ

बुधवारी सकाळी कुंदा नटूनथटून मला पेठ दाखवायला निघाली. पुण्याबद्दल आमच्याकडे फार गैरसमज आहेत. पुणेरी माणूस तुसडा असतो असं म्हणतात. तसं काही नाही. तो तुमच्याशी आपुलकीनंच बोलतो, फक्त ती आपुलकी शोधावी लागते.

औषधाच्या दुकानात गुडघ्याची गोळी घ्यायला गेलो. मालकांनी कुंदाकडे पाहिलं, गोळ्यांची पट्टी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "सुनेची लपवलेली संपली वाटतं."

"अहो, ती मालिका आहे."

"ते कळतं आम्हाला. औषध कोरड्या जागी लपवायचं, एवढंच सुचवत होतो."

कोपऱ्यावरची भाजीवाली तर कोथिंबीर हातात धरूनच बसली. "सुनेला नीट वागवा, मग जुडी देते." मग जरा थांबून तिनं विचारलं, "काशीहून कधी आलात?"

"अजून आले नाही," कुंदा म्हणाली.

मला या सगळ्याचा राग येत होता, आणि ही बया मात्र फुलून आली होती. दहा पावलं गेल्यावर माझा दंड दाबून म्हणाली, "बघितलंस? अजून शिव्या देतात." आम्हा शिक्षकांना विद्यार्थी वाटेत वाकून नमस्कार करतात तेव्हा जसं वाटतं, तसं हिला शिव्या खाल्ल्यावर वाटतं हे मला त्या दिवशी कळलं.

जेवणाचं एक सांगितलंच पाहिजे. एका खानावळीत आम्ही आमटी मागवली. ती इतकी गोड की मी वाढप्याला विचारलं, शिरा आधी आणलात का. तो म्हणाला, "शिरा वेगळा आहे, त्याला वेळ लागेल." मी पिशवीतून शेंगाचटणीची पुडी काढली आणि दोघी बहिणींनी ती आमटीत, भातात, शेवटी ताकातसुद्धा घालून जेवण उरकलं. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ बघत होते. जाताना म्हणाले, "घरूनच डबा आणायचात." त्यातली आपुलकी मी अजून शोधतेय.

मग कुंदानं मला लक्ष्मी रस्त्यावर साडीच्या दुकानात नेलं. "तू खबर सांगत नाहीस, पण साडी नवी लागेल ना?" ती डोळे मिचकावून म्हणाली. मी पुन्हा शहाण्यासारखी हसले. तिनं डाळिंबी रंगाची इरकली हातात घेतली. दुकानदार म्हणाला, "थोरल्या बाईंना शोभणार नाही ही. फार आनंदी आहे."

"म्हणूनच द्या," कुंदा म्हणाली.

धायरीच्या पुढे, गुरुवार

मालिकेतलं ते भारदस्त घर म्हणजे धायरीच्या पुढं, आता शहरातच जमा झालेल्या एका गावातला बंगला आहे. एका बाजूला बारा मजली इमारत, दुसऱ्या बाजूला म्हशींचा गोठा, आणि मधे हा बंगला. मालकीणबाई यमुनाआक्का. शेती गेली, बंगला आला, आणि बंगल्यात मालिका आली. गेली पाच वर्षं आक्कांचं कुटुंब मागच्या खोल्यांत राहतं, आणि आक्का स्वतः पडवीत खुर्ची टाकून आपल्याच दिवाणखान्यात दुसऱ्यांचे संसार मोडताना बघतात.

"या, सोलापूरच्या बाई," त्या म्हणाल्या. "ह्यांची थोरली भन का? च्या घ्या. पाणी टँकरचं हाय, पर दूध घरचं हाय."

मुग्धानं फोटो घेऊन अकराला यायला सांगितलं होतं. कुंदाला मी "मला शूटिंग बघायचंय" असं सांगितलं होतं, आणि ती डाळिंबी साडी नेसून माझ्याबरोबर आली होती. कुणी बोलावलेलं नसताना. ती सगळ्यांना भेटायला आत गेली तशी मी चादरीचं गाठोडं घेऊन मेकअपच्या खोलीत शिरले.

तिथं रशीदभाई होते. त्यांचं घराणं नाना पेठेत कितीतरी पिढ्यांचं, आणि ते स्वतः वीस-बावीस वर्षं कुंदाचे केस पांढरे करत आलेत. "ताईंना म्हातारी करता करता मीच झालो," असं ते सांगतात. मी मोठ्या दिमाखात चादर बाजूला केली.

रशीदभाईंनी फोटो पाहिला आणि हातातला पफ खाली ठेवला. "मावशी, हा कशाला मागवला, कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायचं काय त्यात? सत्कारासाठी."

"सत्कार," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी फळीवरचा एक पुठ्ठ्याचा खोका काढून माझ्यासमोर उघडला. आत चंदनाच्या सालींचा नवाकोरा हार होता. "काल आलाय. मी विचारलं कुणासाठी, तर म्हणाले, फोटो उद्या येईल."

सोलापुरापासून मांडीवर जपून, गचके चुकवत, काच पुसत मी काय आणलं होतं ते मला तेव्हा कळलं. एसटीतल्या त्या कंडक्टरला जे एका नजरेत कळलं, ते छत्तीस वर्षं मुलींना आशय समजावून सांगणाऱ्या मला कळलं नव्हतं. मी फोटो पुन्हा गुंडाळायला लागले, तेवढ्यात कुंदा दारात येऊन उभी राहिली.

तिनं फोटो पाहिला, मग हार पाहिला. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"काय करलालीस तू, ताई?" ती म्हणाली.

पुण्याला राहायला आल्यापासून कुंदा अशी बोललेली मी ऐकली नव्हती. तिचा 'ण' आणि 'ळ' कसा घासूनपुसून लख्ख असतो. तो सगळा गेला आणि सोलापूरच्या आमच्या गल्लीतली परकरातली कुंदी माझ्यासमोर उभी राहिली. मला रडायलाच आलं. "मला वाटलं सत्कार आहे गं," एवढंच बोलता आलं.

मुग्धा धावत आली. "ताई, आम्ही आजच सांगणार होतो. स्टोरीत एक छोटासा बदल झालाय."

"कशी मारताय मला?" कुंदानं विचारलं.

"काशीहून फोन येतो. धर्मशाळेतून. मुलगा फोन उचलतो, आणि मग थेट तेराव्यावर जातो आपण."

"फोनवर?" कुंदा म्हणाली. "पाच वर्षं मी या घरातल्या प्रत्येकाचा फोन हिसकावून घेतला, आणि मला फोनवर मारताय?"

बाहेर दिवाणखान्यात एक माणूस हातोडी घेऊन स्टुलावर चढला होता. भिंतीवर थोरल्या साहेबांचा, म्हणजे कुंदाच्या मालिकेतल्या नवऱ्याचा, हार घातलेला फोटो आहे. तुम्ही रोज बघता तो. त्याच्या शेजारी खिळा ठोकायचा होता. पहिला ठोका पडला आणि पडवीतून आक्का आल्या.

"काय लावताय?"

मुग्धानं सांगितलं. आक्कांनी माझ्या हातातला फोटो पाहिला, मग मागं उभ्या असलेल्या कुंदाकडे पाहिलं.

"ही तर जिती हाय. जित्या बाईला हार? माझ्या घरात?"

"आक्का, मालिका आहे ती. आणि थोरल्या साहेबांचा फोटो पाच वर्षं आहेच की इथं."

"त्यो माझ्या सासऱ्याचा हाय," आक्का म्हणाल्या. "तुमास्नी म्हातारा मानूस पायजे हुता म्हनून दिला. त्यो खराच गेलाय, म्हनून हार हाय. आन त्येच्या शेजारी ह्या बाईचा फोटो लावताय? माझी सासू मागच्या खोलीत बसलीया. तिला काय सांगू, तुमच्या मालकानं दुसरी केली?"

मला एवढ्या दुःखात हसू फुटलं. मुग्धा मात्र कळवळून म्हणाली, "आक्का, मालिकेत त्यांची बायकोच आहे ना ती."

"मालिका तुमची, भिंत माझी हाय." मग आक्कांनी स्टुलावरच्या माणसाला नुसत्या नजरेनं खाली उतरवलं आणि विचारलं, "आन ही मेली कुठं म्हनं?"

"काशीला."

"मग मावंदं?"

"काय?" मुग्धा म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं. शब्दाचा अर्थ विचारला की मला राहवत नाही, बहिणीचं मरण असलं तरी. मी डोळे पुसले आणि सांगितलं, की काशीची यात्रा करून आलेल्या माणसानं घरी परतल्यावर गंगेची पूजा करायची आणि लोकांना जेवू घालायचं, त्याला मावंदं म्हणतात. त्याशिवाय यात्रा पुरी होत नाही.

"ऐकलंत?" आक्का म्हणाल्या. "माझ्या उंबऱ्यावरनं गेली ही बाई काशीला. त्या दिवशी तुमचं शुटिंग झाल्यावर म्या सोता कुंकू लावून ववाळलं हिला. आता ती घरी आली पायजे, मावंदं झालं पायजे. मग मरंल तवा मरंल. माझ्या दारातनं यात्रंला गेल्याली बाई परत आली न्हाई, आसं म्या हुऊ द्यायची न्हाई."

मला वाटलं, सुटली कुंदा. आता तिनं गप्प राहावं. आक्का भिंत देत नाहीत, भिंतीशिवाय फोटो नाही, फोटोशिवाय मरण नाही. थोरल्या बाई आणखी वर्षभर काशीत राहतील. पण कुंदा पुढं झाली.

"आक्का, भिंत द्या त्यांना," ती म्हणाली. आवाज आता पुन्हा पुण्याचा होता, स्वच्छ. "माझं मरण आलंय, ते मी टाळत नाही. पण मुग्धा, आधी मला घरी येऊ दे. मी मावंदं घालते, या लोकांना वाढते आणि इथं, या घरात, सगळ्यांसमोर मरते. तुझा हार मग घाल. नाहीतर आक्का आहेत आणि तुम्ही आहात."

मुग्धा फोन घेऊन गच्चीवर गेली. तोवर जेवणाची वेळ झाली. फ्लॉवर-बटाट्याची पातळ भाजी होती. कुंदा ताट पुढं घेऊन नुसतीच बसली होती. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही, कुणी मागितलेली मी पाहिलेली नाही. मी तिच्या ताटात शेंगाचटणी वाढली. तिनं ती बोटानं बाजूला सारली. थोड्या वेळानं पोळीचा तुकडा मोडला आणि चटणीला लावला. मग माझ्या घशाखाली घास उतरला.

"तू आणला नसतास तर त्यांनी दुसरीकडून मिळवला असता," ती खाली बघत म्हणाली. "पण साडी घेताना तरी अडवायचंस."

"ती तुला दिसते चांगली."

"ते झालंच," कुंदा म्हणाली.

मुग्धा खाली आली. दोन भाग मंजूर झाले होते. एक परत येण्याचा, एक मावंद्याचा आणि मरणाचा. आक्कांनीही एक अट घातली. फोटो सासऱ्यांच्या शेजारी नाही, समोरच्या भिंतीवर, आणि तोही काम होईपर्यंतच.

मावंदं, शनिवार

मालिकेतलं जेवण खोटं असतं. थंड पुऱ्या, रंगवलेलं श्रीखंड. आक्कांनी तो सगळा सरंजाम परत पाठवला. खोट्या जेवणानं मावंदं होत नाही म्हणून पहाटे उठून सुना-नातींना कामाला लावून त्यांनी पुरण शिजवलं. सोलापूरची म्हणून मला कटाची आमटी करायला बसवलं. ती गोड झाली नाही, याची मी जातीनं काळजी घेतली.

कुंदा डाळिंबी इरकली नेसूनच उभी राहिली. मुग्धा काहीतरी बोलणार होती, पण रशीदभाई म्हणाले, "काशीहून आलीय बाई. एक दिवस आनंदी असू दे."

तो सीन तुम्ही पाहिला असेल. थोरल्या बाई पंगतीत वाढत येतात. सुनेपाशी थांबतात. पाच वर्षांत जिला सुखाचा घास खाऊ दिला नाही, तिच्या पोळीवर तूप सोडतात आणि थोडं आणखी सोडतात. बोलत काहीच नाहीत. मग पंगतीच्या टोकाला खुर्चीवर बसतात, पदरानं हात पुसतात, आणि तुपाची वाटी मांडीवर धरूनच मान कलते. वाटीतलं तूप सांडत नाही. ते कसं जमवलं कुंदानं, कोण जाणे. माझी बहीण चार हातांवर आहे, तिचा श्वास चालू आहे, हे मला दिसत होतं, आणि तरी मी ढसाढसा रडले. आक्कांनी तोंडात पदर कोंबला होता. जेवणाऱ्या मंडळींपैकी एकाचाही घास हलला नाही.

मग समोरच्या भिंतीवर फोटो लागला, हार चढला, त्याचंही काम झालं. सगळे आवरायला लागले. तेवढ्यात रशीदभाई कॅमेऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. "बंद करू नका. ताईंचं हसू राहिलंय."

ही या लोकांची रीत आहे. पडद्यावर मेलेल्यानं शेवटी कॅमेऱ्यात बघून एकदा हसायचं, म्हणजे ते मरण अंगाला लागत नाही. धर्म कुठलाही असो, हे सगळे पाळतात. कुंदाला तिच्याच हार घातलेल्या फोटोखाली उभं केलं. तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलं. ओठ हलवले. जमेना. पाच वर्षांची सवय, चेहरा आपोआप थोरल्या बाईंचाच होत होता.

"येत नाही हो, रशीदभाई," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. या हसण्यानंतर तिचं तिथलं काम संपणार होतं, आणि ते तिला माहीत होतं.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी कॅमेऱ्यामागून आवाज खाली आणून, त्या कंडक्टरसारखी मान तिरपी करून विचारलं, "मावशी, कोण गेलं?"

"काय?" कुंदा म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. चादरीतून बाहेर आलेलं तिचं अर्धं तोंड, माझा बाणेदारपणा, "परवा तर काशीला गेल्या होत्या", आणि पाच तास मी त्या शहाण्या माणसाला मूर्ख समजत बसले ते. कुंदाच्या ओठांचं टोक हललं. मग तिनं पोटावर हात धरला, भिंतीला टेकली आणि हसली. सोलापूरच्या आमच्या ओट्यावर हसायची तशी, शेवटी नाकातून फुर्र करणारी. रशीदभाई हसले, मुग्धा हसली, आक्कांना काही कळलं नाही तरी त्या हसल्या. वरच्या फोटोतली कुंदा ओठ मिटून हसत होती आणि खालची खदाखदा. मग आक्कांनी स्वतः स्टुलावर चढून हार काढला आणि फोटो माझ्या हातात दिला.

परत

दोन भागांचं मावंदं पाच भाग चाललं. मालिकेत पोळी लाटायलाच एक भाग लागतो. थोरल्या बाई गेल्या त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या चार बायका मला भेटायला आल्या आणि गंभीर चेहऱ्यानं चहा पिऊन गेल्या. कुंदाचा फोन आला. नवं काम अजून कुणी दिलेलं नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवालीनं तिला कोथिंबिरीची जुडी न मागता दिली आणि शिवी दिली नाही. तेच तिला फार लागलं. पण औषधवाले म्हणाले, "शेवट बरा केलात." पुण्यात याहून मोठा सत्कार होत नाही.

ते हसू मात्र मालिकेत दाखवलं नाही. ते दाखवायचं नसतं. ते तुम्ही पाहिलेलं नाही, मी पाहिलंय, म्हणून सोलापूर ते पुणे एवढ्याशा प्रवासावर मी इतकी पानं लिहिली.

त्या रविवारी स्वारगेटहून निघताना फोटो पुन्हा मांडीवरच होता. काचेवर हाराचा चंदनी भुगा राहिला होता, तो मी पुसला नाही. हा कंडक्टर वेगळा होता, वयस्कर. त्यानं तिकीट फाडलं, फोटोकडे पाहिलं, काचेवरचा भुगा पाहिला आणि हळूच विचारलं, "कोण गेलं, बाई?"

या वेळी मला राग आला नाही.

"थोरल्या बाई गेल्या," मी म्हणाले. "कुंदा आहे."